शहरातून तारे बघायचेत? मोबाईल, डोळे आणि अंधार नीट कसा वापरायचा

जानेवारीत माझ्या आज्जीच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एप्रिलमध्ये एका रात्री आम्ही वाकडच्या आमच्या सोसायटीच्या टेरेसवर बसलो होतो. तिने उत्तरेकडे बघितलं आणि म्हणाली, "आरं, बाजंचा एक खूर कुठं गेला? डोळा नीट झाला न्हाई वाटतं. दुसऱ्याचं ऑपरेशन मला नको."

आज्जी माण तालुक्यातली. तिच्यासाठी सप्तर्षी म्हणजे म्हातारीची बाज आणि ती पळवणारे तीन चोर. चार तारे बाजेचे खूर, मागचे तीन चोर. मी ॲप उघडलं, त्यात सातही तारे होते. मग मी स्वतः वर बघितलं. मलाही सहाच दिसले. माझं वय २८, चष्मा नाही.

म्हणजे गडबड डोळ्यात नव्हती, आकाशात होती. हे आज्जीला पटवायला मला जे वाचावं आणि करून बघावं लागलं, ते सगळं इथे एकत्र देतोय.

तारे जातात कुठे?

कुठेच जात नाहीत. रस्त्यावरचे दिवे, होर्डिंग, सोसायट्यांचे फ्लडलाईट यांचा प्रकाश वर जातो, हवेतल्या रेणूंवर आणि धुळीवर आपटून विखुरतो आणि आकाशच उजळतं. या उजळ पडद्यापुढे मंद तारे बुडून जातात.

ताऱ्याची चमक 'प्रत' या आकड्यात मोजतात. हे माप उलटं आहे: आकडा जितका मोठा तितका तारा मंद. ५ प्रतींचा फरक म्हणजे चमकेत १०० पट फरक. एकदम काळोख्या जागी साध्या डोळ्यांना साधारण ६ प्रतीपर्यंतचे, म्हणजे एका वेळी दोन-अडीच हजार तारे दिसू शकतात. मोठ्या शहरात हीच मर्यादा ३-४ प्रतीवर येते आणि तारे उरतात शे-दोनशे.

आकाश किती काळं आहे हे सांगायला बॉर्टल स्केल वापरतात. जॉन बॉर्टल यांनी ते २००१ मध्ये मांडलं. १ म्हणजे सर्वात काळं आकाश, ९ म्हणजे मोठ्या शहराच्या मध्यातलं.

पांढऱ्या एलईडीने प्रकरण आणखी बिघडलंय. निळा प्रकाश हवेत लाल-पिवळ्यापेक्षा जास्त विखुरतो, आणि पांढऱ्या एलईडीत निळा भाग जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांपेक्षा बराच जास्त असतो.

सप्तर्षी म्हणजे फुकटचा मीटर

आज्जीचा हरवलेला खूर म्हणजे अत्री. सातातला हा सर्वात मंद, ३.३ प्रतीचा. बाकीचे सहा साधारण १.८ ते २.४ प्रतीचे. यावरून तुमच्या जागेची टेस्ट घ्या. एप्रिल-मे मध्ये रात्री ९-१० च्या सुमारास उत्तरेला बघा:

- सहाच तारे दिसले, अत्री नाही: आकाश फारच उजळ आहे.
- अत्री दिसला: मर्यादा निदान ३.३ प्रत.
- वसिष्ठाला चिकटलेली अरुंधती दिसली: मर्यादा सुमारे ४ प्रत. उपनगराच्या मानाने छानच.

ही टेस्ट एकट्याने करू नका. दोन-तीन जणांना वेगवेगळं मोजायला सांगा. सगळ्यांना एकच तारा दिसत नसेल तर दोष आकाशाचा. एकालाच दिसत नसेल तर मात्र त्याने डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं.

स्टार ॲपला दिशा कशी कळते?

स्टेलॅरियम किंवा स्काय मॅपसारखी ॲप्स कॅमेऱ्याने तारे ओळखत नाहीत. जीपीएसवरून जागा, घड्याळावरून वेळ, ॲक्सलरोमीटर आणि जायरोस्कोपवरून फोनचा कल आणि मॅग्नेटोमीटरवरून उत्तर दिशा घेतात. मग त्या क्षणी तिथे काय असायला हवं ते गणिताने काढून दाखवतात. म्हणून तर आम्हाला न दिसणारा अत्री ॲपला 'दिसत' होता.

सर्वात जास्त चुकतो तो मॅग्नेटोमीटर. मॅग्नेट असलेलं कव्हर काढा, गाडी आणि लोखंडी शेडपासून लांब उभे राहा आणि फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. तरीही नकाशा सरकलेला वाटला तर गुरू किंवा व्याधासारखा ठळक ठिपका पकडून किती सरकलाय ते मनात धरा.

ॲपमधला लाल नाइट मोड चालू करा आणि ब्राइटनेस कमीत कमी ठेवा. डोळे अंधाराला पूर्ण सरावायला २०-३० मिनिटं लागतात. मध्येच व्हॉट्सॲप उघडलं की मीटर परत शून्यावर. मंद प्रकाशात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशींना लाल रंग फारसा जाणवत नाही, म्हणून लाल स्क्रीन चालते.

जागा कशी निवडायची?

लाइट पोल्युशन मॅप मोबाईलवर बघता येतात. बहुतेक नकाशांमागे सॅटेलाइटवरच्या व्हिअर्स सेन्सरचा डेटा असतो. यात एक गोम आहे: हा सेन्सर साधारण ५०० ते ९०० नॅनोमीटरचा प्रकाश मोजतो. एलईडीचा निळा भाग त्याच्या बाहेर पडतो. त्यामुळे सोडियमच्या जागी एलईडी आले की नकाशात गाव काळं झाल्यासारखं दिसू शकतं, आकाश मात्र तसं नसतं.

दुसरी गोष्ट दिशेची. ५०-६० किलोमीटर लांब गेलात तरी शहराच्या बाजूचं क्षितिज उजळच राहतं. म्हणून जे बघायचंय ते शहराच्या विरुद्ध बाजूला येईल अशी जागा घ्या. आम्हाला उत्तरेचे सप्तर्षी हवे होते, म्हणून आम्ही शहराच्या उत्तरेला, राजगुरुनगरच्या पुढे वाड्याच्या रस्त्याला गेलो. चाकण आणि पिंपरी-चिंचवडचा उजेड दक्षिणेला राहिला. दक्षिणेला खाली दिसणारा अगस्त्य बघायचा असता तर हीच जागा चुकीची ठरली असती.

दिवस अमावास्येच्या चार-पाच दिवस मागेपुढे घ्या. रात्री एकटे जाऊ नका, आणि शेतात थांबणार असाल तर मालकाला आधी विचारा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था किंवा मुंबईचं खगोल मंडळ यांच्या कार्यक्रमातून सुरुवात केली तर आणखी चांगलं.

लांब जायला वेळ असेल तर विदर्भातलं पेंच लक्षात ठेवा. जानेवारी २०२४ मध्ये ते भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं.

मोबाईलने फोटो

ट्रायपॉड हवाच. प्रो मोडमध्ये फोकस अनंतावर, आयएसओ ८०० ते ३२००, टायमर ३ सेकंद. शटर किती वेळ उघडं ठेवायचं? ५०० ला लेन्सच्या ३५ मिमी समतुल्य फोकल लेंग्थने भागा. बऱ्याच फोनच्या मेन कॅमेऱ्याला ती २५ च्या आसपास असते, म्हणजे २० सेकंद. त्यापुढे पृथ्वी फिरल्यामुळे ताऱ्यांच्या रेघा होतात. शहरात मात्र २० सेकंदांत फोटो पांढरा पडतो. तिथे ४-५ सेकंदांचे १६ फोटो काढून स्टॅक करा, नॉइज साधारण एक चतुर्थांशावर येतो.

कुठेच जाता येत नसेल तर

चंद्र, शुक्र, गुरू, शनी यांना शहराचा उजेड फारसा अडवत नाही. १०×५० ची दुर्बीण भिंतीला टेकवून धरली तर गुरूचे चार मोठे चंद्र टेरेसवरून दिसतात. हिवाळ्यात कृत्तिकाही त्यातून मस्त दिसतात.

आणि एक काम जरूर करा. 'ग्लोब ॲट नाइट' या उपक्रमात तुम्हाला दिसलेलं आकाश त्यांच्या नकाशांशी ताडून फोनवरून नोंदवता येतं. अशाच नोंदींवरून २०२३ मध्ये 'सायन्स'मध्ये आलेल्या अभ्यासात, २०११ ते २०२२ या काळात आकाशाचा उजेड वर्षाला सरासरी ९.६ टक्के वाढल्याचं दिसलं. त्यातल्या बहुतेक नोंदी युरोप-अमेरिकेतल्या आहेत. आपल्याकडून जास्त नोंदी गेल्या तर आपलं चित्रही कळेल.

वाड्याच्या रस्त्याला आज्जीला खुर्चीत बसवलं आणि वीस मिनिटं कोणी मोबाईल काढला नाही. मग तिने बोटाने मोजलं, "एक, दोन, तीन, चार. हाय की खूर." चोरही तिघं होते. दोन मिनिटांनी तिने विचारलं, "मग घराच्या गच्चीवर का न्हाई दिसत?" मी टॉवरकडचे दिवे, एलईडी, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मग दिवं खाली तोंड करून लावा की."

मुद्दा बरोबरच आहे. टेरेसवरच्या फ्लडलाईटचं तोंड खाली करायचा अर्ज सोसायटीच्या कमिटीला दिलाय. आणि दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीखही घेतलीये.