पितळेची पुंगळी, पोलादाची पुंगळी

कुठे गोळीबार झाला की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं : घटनास्थळी इतक्या इतक्या पुंगळ्या सापडल्या. गोळी निघून जाते, पुंगळी मागे राहते. गोळीबद्दल सगळेच बोलतात, आज जरा पुंगळीबद्दल बोलू. मी कवी माणूस, बंदूक कधी हातात धरलेली नाही. पण शब्दांच्या मागे हिंडताना माणूस कुठेही जाऊन पोचतो. ‘बंदूक’ आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आली, ‘काडतूस’ पोर्तुगिजांकडून आलं. ‘पुंगळी’ मात्र घरची. आणि ही घरची पुंगळी पितळेची असावी की पोलादाची, या प्रश्नापायी गेल्या दीडशे वर्षांत सैन्यांनी बरंच काही भोगलं आहे.

आधी पुंगळी नव्हतीच, होता कागद. १८५७ साली ज्या काडतुसांवरून मीरतच्या ८५ स्वारांनी नकार दिला, ती कागदाची होती. दाताने तोडायची, दारू नळीत ओतायची, मग गोळी ठासायची. वर लावलेली चरबी गाईची की डुकराची, या संशयाने हिंदू आणि मुसलमान शिपाई एकाच रांगेत उभे राहिले. पुढच्या दहा वर्षांत इंग्रजांच्या स्नायडर रायफलीबरोबर धातूच्या पुंगळीचं काडतूस आलं. दाताने तोडणं संपलं. अर्थात बंडानंतर हिंदी शिपायाच्या हाती गोऱ्या शिपायापेक्षा एक पिढी जुनं हत्यार द्यायचं, असं सरकारचं धोरण होतं. त्यामुळे ही सुधारणाही आपल्याकडे उशिरानेच पोचली.

पुंगळीचं काम काय? तळाशी ठिणगी देणारी टोपी, पोटात दारू आणि तोंडात गोळी, एवढं सगळं एकत्र धरून ठेवणं हे तर झालंच. खरं काम बार उडाल्यावरचं. बार उडतो त्या क्षणी पुंगळी फुगते आणि रायफलीच्या कोठीला, जिला चेंबर म्हणतात, आतून घट्ट चिकटते. वायू मागे शिपायाच्या तोंडावर न येता गोळीला पुढे ढकलतो. दाब उतरला की पुंगळीने किंचित आकसून कोठीची भिंत सोडायची. मग रायफलीचा आकडा तिची कड धरून तिला बाहेर फेकतो. फुगायचं, चिकटायचं आणि लगेच सोडायचं. ती सोडायला विसरली की शिपायाच्या हातात उरते एक महागडी काठी.

हे काम पितळ फार छान करतं. सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त, या मिश्रणाला जगभर काडतुसाचं पितळच म्हणतात. पण पितळ असलं म्हणजे झालं, असंही नाही. इंग्रजांच्या मार्टिनी-हेन्री रायफलीचं काडतूस पितळेचंच होतं, फक्त ते पातळ पत्रा गुंडाळून केलेलं होतं. सुदानमध्ये १७ जानेवारी १८८५ ला अबू क्लेआच्या लढाईत वाळू आणि उन्हात या गुंडाळलेल्या पुंगळ्या कोठीत अडकल्या, काही फाटल्या. आरमाराची गार्डनर यंत्रतोफही सुमारे सत्तर बारांनंतर बंद पडली. हेन्री न्यूबोल्ट या इंग्रज कवीने आपल्या गाजलेल्या कवितेत त्या तोफेचं नाव गॅटलिंग लिहिलं. कवींचं असं होतं, गॅटलिंग छंदात बसत असणार. त्यानंतर गुंडाळलेला पत्रा मागे पडला आणि एकाच तुकड्यातून ओढून काढलेली अखंड पुंगळी रूढ झाली.

त्याआधी अमेरिकेत तांब्याने दगा दिल्याची कथा प्रसिद्ध होती. २५ जून १८७६ ला लिटल बिगहॉर्नला कस्टरची तुकडी कापली गेली, तेव्हा घोडदळाच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइनींमध्ये तांब्याच्या मऊ पुंगळ्या अडकल्या होत्या आणि शिपाई सुरीने त्या उकरत होते, असं सांगत. १९८४ पासून तिथे पद्धतशीर उत्खनन झालं, तेव्हा उकरल्याच्या खुणा फार थोड्या पुंगळ्यांवर आढळल्या. पराभवाचं खापर धातूच्या डोक्यावर फोडणं सोपं असतं. ते काही असो, अमेरिकेनेही पुढे तांबं सोडून पितळ धरलं.

आता आपल्याकडची गोष्ट, आणि मला ती सगळ्यांत आवडते. पावसाळ्यात मोहिमा थंडावत. मग इंग्रजी फौजा काडतुसं घोड्यांच्या पागेत नेऊन ठेवत. पाऊस सरल्यावर पाहावं तर कित्येक पितळी पुंगळ्यांना तडे गेलेले, विशेषतः गोळी आवळून बसवलेली असते त्या गळ्याशी. न वापरता, नुसत्या ठेवल्या ठेवल्या! ऋतूबरोबर येणारा म्हणून याला इंग्रजीत ‘मोसमी तडा’ अशाच अर्थाचं नाव पडलं. कारण १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडलं. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटतो. पितळ थंडपणी ओढून पुंगळी करताना धातूत ताण साठून राहतो. ओल, अमोनिया आणि हा साठलेला ताण एकत्र आले की पितळ तडकतं. आपल्याकडे खोटेपणा उघडकीला आला की पितळ उघडं पडलं म्हणतात. इथे खऱ्या पितळाचंच पितळ उघडं पडलं.

यावरचा उपाय म्हणजे पुंगळी तयार झाल्यावर तिला बेताची आच देऊन आतला ताण काढून टाकायचा. हे वाचलं तेव्हा मला आमच्या मोहल्ल्यातले कल्हईवाले चाचा आठवले. भट्टीवर पितळेचं पातेलं तापवायचं, कथील फिरवायचं आणि नवसागराची चिमूट टाकायची. नाकात झणका बसायचा. त्या धुरात अमोनियाच असतो. मग पातेलं का तडकत नाही? धूर क्षणभराचा असतो आणि पातेलं तापलेलं असतं, एवढं उत्तर बहुधा पुरेसं आहे. चाचांना मूर-बेकिन्सेल माहीत नव्हते, पण आच किती द्यायची हे माहीत होतं.

तर मग पोलाद कशाला आलं? तांब्यामुळे. तांबं पोलादाच्या कित्येक पट महाग, आणि काडतुसातला सर्वांत महागडा भाग म्हणजे पुंगळी. शांततेच्या काळात तो खर्च सोसतो. महायुद्धात अब्जावधी काडतुसं लागतात, तेव्हा तांबं पैसे देऊनही मिळत नाही. जर्मनीने पहिल्या महायुद्धात चर्चच्या घंटा उतरवून वितळवल्या आणि दुसऱ्या युद्धातही तेच केलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन रायफलींची काडतुसं मोठ्या प्रमाणावर पोलादी पुंगळीची निघू लागली. अमेरिकेने १९४३ साली एक सेंटचं नाणं तांब्याऐवजी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचं पाडलं. वाचलेलं तांबं काडतुसांकडे गेलं, पण नाण्याला गंज चढू लागला आणि लोक वैतागले. आपल्याकडेही त्याच १९४३ साली भोकाचा पैसा आला. घरातल्या वडीलधाऱ्यांनी तो करगोट्यात ओवलेला पाहिला असेल. भोकामागे लढाईतली धातूची काटकसर होती.

पोलादाच्या अडचणी दोन. एक म्हणजे त्याला गंज चढतो, म्हणून त्याला लाखेसारखं रोगण, तांब्याचा किंवा जस्ताचा मुलामा द्यावा लागतो. ही त्याची कल्हईच म्हणा. दुसरी अधिक अवघड. बार झाल्यावर पोलाद पितळेइतकं आकसत नाही, त्यामुळे कोठी सोडायला कुरकुरतं. शिवाय ते कठीण असल्याने पुंगळ्या ओढण्याचे साचे लवकर झिजतात आणि वाचवलेल्या पैशातला काही भाग तिथे जातो. अमेरिकेत इव्हान्सव्हिलच्या क्रायस्लर मोटार कारखान्याने युद्धकाळात .४५ पिस्तुलाची तीन अब्जांवर काडतुसं केली, त्यांतली बहुतेक पोलादी पुंगळीची होती. पिस्तुलाच्या काडतुसात दाब कमी, म्हणून ते जमलं. युद्ध संपताच अमेरिका पितळेकडे परतली.

रशियाने मात्र पोलादाशी संसार मांडला. कलाश्निकोव्हची रायफल १९४९ मध्ये स्वीकारली गेली. तिचं काडतूस पाहिलंत तर पुंगळी सरळ नळीसारखी नसते, तळाकडून तोंडाकडे चांगली निमुळती होत जाते. निमुळती वस्तू थोडी मागे सरकली की सगळीकडून एकदम सुटते. पेल्यात पेला अडकत नाही, डब्यात डबा अडकतो, तसंच. त्यात कोठीला आतून क्रोमचा मुलामा, पुंगळीला धरणारा आकडा दणकट आणि भाग सैलसर बसवलेले. त्यामुळे रोगण चढवलेली स्वस्त पोलादी पुंगळी त्या रायफलीत निमूटपणे ये-जा करू लागली.

आता समोरची बाजू पाहा. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांच्या हाती एम-१६ रायफल आली, पुंगळी उत्तम पितळेची. आणि १९६६-६७ मध्ये याच रायफली ऐन चकमकीत अडकू लागल्या. बार झाल्यावर पुंगळी कोठीतच राहायची, आणि सैनिक साफसफाईची सळई नळीतून घालून तिला मागे ढकलायचे. समोर शत्रू असताना! काही जण त्याच अवस्थेत मेलेले सापडले. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या आयकॉर्ड समितीने १९६७ मध्ये चौकशी केली. काडतुसातली दारू पुरेशी चाचणी न घेता बदलली होती. दमट हवेत गंजणाऱ्या कोठीला क्रोमचा मुलामा दिलेला नव्हता. ही रायफल फारशी साफ करावी लागत नाही, असा समज पसरला होता आणि साफसफाईचं साहित्यही पुरेसं पाठवलं नव्हतं. पुढे कोठीला क्रोम आलं, साहित्य आलं, तक्रारी घटल्या. पितळ तेच होतं.

म्हणून पितळ भरवशाचं आणि पोलाद दगाबाज, असं सरसकट म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पुंगळी आणि कोठी यांची सोयरीक जुळली का, हे आधी पाहावं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या एका काडतूस विक्रेत्याने एम-१६ च्या जातीच्या चार सारख्या रायफली घेतल्या, एकीत पितळी आणि तिघींत पोलादी काडतुसं घातली, आणि प्रत्येकीतून दहा हजार बार काढायचं ठरवलं. पितळी काडतुसांची रायफल एकदाही अडली नाही. पोलादीवाल्यांपैकी दोन थोड्याफार वेळा अडल्या, एक तर मध्येच बाद करावी लागली. पोलादीवाल्यांच्या नळ्याही लवकर झिजल्या, पण त्याचा दोष पुंगळीकडे जात नव्हता. त्या स्वस्त काडतुसांत गोळीचं आवरणही पोलादाचं होतं, ते नळी खरवडत होतं. आणि गंमत अशी, की वाचलेल्या पैशात नवी नळी सहज बसवता आली असती. चांदमारीच्या मैदानावर हा हिशोब बरोबर आहे. सीमेवर उभ्या असलेल्या जवानाला तो कोण सांगणार?

आपल्या देशाने पितळ धरून ठेवलं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या कारखान्यातही रायफलीची काडतुसं होतात. पितळेचा आणखी एक फायदा म्हणजे रिकामी पुंगळी वितळवून पुन्हा कामी येते. म्हणून सरावानंतर पुंगळ्या गोळा करून मोजून परत करायच्या असतात. एक कमी भरली तर जवान गवतात वाकून शोधत बसतात.

आणि भंगाराच्या बाजारातही पितळेला पोलादापेक्षा कितीतरी जास्त भाव असतो. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजसारख्या सरावक्षेत्रांच्या आसपासच्या गावांतली गरीब माणसं या धातूच्या आशेने आत शिरतात. तिथे पुंगळ्यांबरोबर तोफगोळ्यांचे तुकडे असतात, आणि एखादा न फुटलेला गोळाही असतो. बंदी असते, पाट्या असतात, तरी लोक पोतं घेऊन जातात, आणि अधूनमधून एखाद्याचा हात किंवा जीव गेल्याची चार ओळींची बातमी जिल्ह्याच्या पानावर येते. त्या बातमीत धातूचा भाव छापलेला नसतो.