टीव्ही आणि सेटटॉप बॉक्ससाठी एकच रिमोट : 'सेटिंग' कसं करायचं?

घरात टीव्ही एक, पण रिमोट दोन. टीव्ही सुरू करायला एक आणि चॅनेल बदलायला दुसरा. मुलं नोकरीसाठी बाहेरगावी आणि घरी आजी-आजोबा दोघंच असतील, तर भलतंच बटण दाबलं जातं, पडद्यावर 'नो सिग्नल' येतं आणि संध्याकाळची मालिका बुडते. दोन्ही कामं एकाच रिमोटवर आणता येतात. पुष्कळदा त्यासाठी नवीन काही विकत घ्यावं लागत नाही. मात्र टीव्हीचा मूळ रिमोट चालू आहे तोवरच हे काम उरकून घ्या.

रिमोट काम कसा करतो?

रिमोटच्या टोकाला असलेला छोटा दिवा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतो. बहुतेक रिमोटमध्ये हा प्रकाश सेकंदाला साधारण ३८ हजार वेळा उघडझाप करतो आणि त्यातूनच प्रत्येक बटणाचा संकेत जातो. कंपनीगणिक हे संकेत वेगळे असतात. दुसऱ्या रिमोटचा संकेत टिपून साठवणारा रिमोट म्हणजे 'लर्निंग रिमोट'. ही कल्पना जुनीच. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाक यांनी १९८७ मध्ये असा 'कोअर' नावाचा रिमोट बाजारात आणला होता.

पद्धत १ : बॉक्सच्या रिमोटला शिकवणं

केबल किंवा डीटीएचच्या अनेक रिमोटवर चौकटीत 'टीव्ही' लिहिलेली तीन-चार बटणं आणि एक 'सेट' बटण असतं. ती असतील तर असं करा :

१. दोन्ही रिमोटमध्ये चांगले सेल घाला.
२. दोन्हींची टोकं समोरासमोर, दोन-तीन बोटांच्या अंतरावर टेबलावर ठेवा. थेट ऊन नको.
३. 'सेट' बटण तीन ते पाच सेकंद दाबून धरा. लाल दिवा स्थिर लागला की सोडा.
४. बॉक्सच्या रिमोटवरचं जे बटण शिकवायचं ते दाबा, उदा. टीव्ही पॉवर.
५. आता टीव्हीच्या रिमोटवरचं तेच बटण दाबा. दिवा लुकलुकला म्हणजे संकेत टिपला.
६. आवाज वाढवणं-कमी करणं आणि 'सोर्स' ही बटणंही अशीच शिकवा.
७. शेवटी 'सेट' पुन्हा दाबा आणि टीव्हीसमोर एकेक बटण तपासा.

मॉडेलनुसार एखादी पायरी बदलू शकते. सोबत आलेला कागद एकदा पाहा.

पद्धत २ : कोड घालणं

मूळ रिमोट बंद पडला किंवा हरवला, तर टिपायला संकेतच उरत नाही. मग दुकानातून युनिव्हर्सल रिमोट आणावा लागतो. त्याच्यासोबतच्या यादीत टीव्हीच्या कंपनीपुढे तीन किंवा चार अंकी कोड असतात. 'सेट' दाबून धरायचं, कोड घालायचा आणि पॉवर बटण दाबून बघायचं. टीव्ही बंद-चालू होतो पण आवाज बदलत नाही, असं झालं तर त्याच कंपनीचा पुढचा कोड घाला. काही रिमोट कोड आपोआप शोधतात. टीव्ही बंद झाल्याबरोबर थांबून तो कोड पक्का करायचा. दुकानात जाताना टीव्हीच्या मागच्या मॉडेल क्रमांकाचा फोटो आणि जुना रिमोट सोबत न्या.

जमत नसेल तर?

• मोबाईलचा पुढचा कॅमेरा सुरू करून रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि बटण दाबा. बहुतेक फोनच्या स्क्रीनवर दिवा पांढरट-जांभळा दिसतो. दिसला नाही तर आधी सेल बदला.
• संकेत टिपला जात नसेल तर अंतर थोडं कमी-जास्त करा, खोलीतली ट्यूबलाईट बंद करा.
• स्मार्ट टीव्ही किंवा स्टिकचे काही रिमोट ब्लूटूथवर चालतात. त्यांचे ब्लूटूथचे संकेत या पद्धतीने टिपता येत नाहीत.

शेवटचं एक काम : शिकवलेल्या बटणांवर रंगीत टिकल्या चिकटवा आणि घरच्यांकडून दोनदा टीव्ही लावून-बंद करून घ्या. टीव्हीचा मूळ रिमोट मात्र फेकू नका. सेल काढून कपाटात ठेवा. बॉक्स बदलला की नव्या रिमोटला शिकवायला तोच लागेल.