बोरू, खिळा आणि मराठीचे शिक्षण : धाराशिव जिल्ह्याच्या अनुषंगाने

अध्यापनाची साधने बदलली म्हणजे शिकविण्याची रीत तेवढी बदलते, असे सामान्यतः मानले जाते. धाराशिव जिल्ह्यातील मराठीच्या शिक्षणाकडे पाहता हा समज अपुरा वाटतो. येथे साधनांबरोबर लिपी बदलली, आणि कोणता कागद कोणाला वाचता यावा हेही बदलले.

पंतोजींच्या शाळेत मुलापुढे प्रथम धूळपाटी येई. पाटीवर धूळ पसरून तीत अक्षर गिरवावयाचे, पुसावयाचे, पुन्हा गिरवावयाचे. हात बसला म्हणजे कागद, शाई व बोरू. व्यवहाराची लिपी मोडी होती. आधी शिरोरेषा ओढून घ्यावयाची आणि तिच्याखाली शक्यतो हात न उचलता अक्षरे ओवीत जावयाचे, हे तिचे तंत्र. इकार-उकारांतील ऱ्हस्वदीर्घभेद ती पाळीत नाही; तो वाचणाऱ्याने संदर्भाने जाणावयाचा. असे लेखन व वाचन जाणत्याच्या हाताखाली बसूनच साधे.

छापखान्याचा खिळा सुटा असतो. अखंड वाहणाऱ्या मोडीशी त्याचे जमणे कठीण. मोडीचे खिळे पाडताच येत नव्हते असे मात्र नव्हे. सेरामपूरहून १८१० मध्ये निघालेला विल्यम केरीचा मराठी कोश मोडी ठशांतच होता. तथापि पुढे छापील मराठी बाळबोधात स्थिरावली. जावजी दादाजींनी मुंबईत १८६९ मध्ये स्थापिलेल्या निर्णयसागर छापखान्याने तिच्या ठशांना रेखीव रूप दिले. मोडी दप्तरात उरली.

धाराशिव १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे येथील कथा निराळी आहे. उस्मानिया विद्यापीठ १९१८ मध्ये उर्दू माध्यमाने सुरू झाले. मराठी मुलाची उच्च शिक्षणाची वाट उर्दूतून जाई. उर्दूची नस्तालीक लिपीही खिळ्यांत सहज बसणारी नव्हे. तिच्यासाठी शिळाछाप उपयोगी पडला, कारण त्यात कातिबाचे हस्ताक्षर जसेच्या तसे उमटते. हीच सोय मोडीलाही होती, आणि मोडीची पुस्तके शिळाछापावर निघालीही. तेव्हा मोडीच्या ऱ्हासाचा सगळा दोष यंत्रावर टाकता येत नाही. एका हस्तलिपीमागे राजाश्रय व विद्यापीठ होते, दुसरीमागे नव्हते. या जिल्ह्यात हिप्परगे येथे १९२१ मध्ये निघालेली राष्ट्रीय शाळा सरकारी चाकोरीबाहेरची होती; स्वामी रामानंद तीर्थ तेथे मुख्याध्यापक होते.

१९५६ मध्ये जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६७ मध्ये ‘बालभारती’ची स्थापना झाली आणि राज्यभर एकाच बाळबोध वळणाची पाठ्यपुस्तके गेली. त्यांचा लाभ मोठा आहे; शुद्धलेखनाला आधार मिळाला आणि खेड्यातील मुलाच्या हाती शहरातल्या मुलाचेच पुस्तक आले. मोडीला मात्र त्यांत जागा नव्हती.

संगणकाने ती पुन्हा दिली. २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीचा समावेश झाला. संकेतांक मिळाले, पण हात बसविणारा पंतोजी त्यांबरोबर येत नाही. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी मराठवाड्यातील निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदी शोधल्या जाऊ लागल्या, तेव्हा धाराशिवमध्येही जुनी कागदपत्रे बाहेर निघाली. पानांची छायाचित्रे घेणे अवघड नव्हते. ती वाचण्यासाठी मोडीचे व उर्दूचे जाणकार लागले. ज्यांच्या पणजोबांची नावे त्या कागदांवर होती, त्यांचे सारे मराठी शिक्षण छापील बाळबोधातून झालेले होते.