भुसभुशीत भूमीवरील पाया : विहीर खणणाऱ्यांचे ज्ञान

खडक लागेपर्यंत खणावे आणि त्यावर पाया रचावा, हा बांधकामाचा सर्वपरिचित संकेत आहे. गंगा-यमुनेच्या मैदानात मात्र कितीही खणले तरी पाणी धरलेली वाळू आणि गाळच हाती लागतो. चर टिकत नाही. कडा ढासळतात, तळातून पाणी वर येते. या अडचणीवरची तोड तेथील विहीर खणणाऱ्या कारागिरांना पूर्वीपासून अवगत होती.

जमिनीवर ‘निमचक’ नावाचे लाकडी कडे ठेवून त्यावर विटांचे बांधकाम चढवायचे आणि आतील वाळू काढत जायची. बांधकाम स्वतःच्याच भाराने खाली उतरे. पाणी लागल्यावर बुडी मारून ‘झाम’ या रुंद पात्याच्या अवजाराने वाळू उपसावी लागे. एका बाजूने अधिक उपसा झाला की विहीर कलंडे. मग वर राहिलेल्या बाजूची वाळू काढून ती सरळ करावी लागे.

बंगाल तोफखान्यातील अधिकारी प्रॉबी कॉटली याने रुडकीजवळ सोलानी नदीवरून गंगा कालवा नेताना हीच रीत स्वीकारली. प्रत्येकी ५० फूट गाळ्याच्या १५ कमानींचा हा जलसेतू आहे. त्याच्या खांबांखाली २० फूट लांबी, रुंदी व खोलीचे, प्रत्येकी चार विहिरी असलेले बांधीव ठोकळे नदीपात्रात उतरवले गेले. १८५४ मध्ये कालवा सुरू झाला. दक्षिणेत आर्थर कॉटन याने १८३६ मध्ये कोल्लिडम नदीवर बंधारा बांधला. अथांग वाळूत पाया कसा स्थिर करावा, हे आपण कावेरीवरील प्राचीन कल्लणै बंधाऱ्याच्या निर्मात्यांकडून शिकलो, असे त्याने पुढे लिहून ठेवले.

वसाहतकालीन अभियांत्रिकी हे केवळ पाश्चात्त्य ज्ञानाचे आरोपण होते, या समजुतीला ही उदाहरणे छेद देतात. मात्र ऋण मान्य झाले ते रीतीचे, माणसांचे नव्हे. कॉटली आणि कॉटन ही नावे इतिहासात राहिली. गढूळ पाण्यात झाम घेऊन उतरणारे अनाम राहिले. त्यांच्या परिभाषेतील ‘निमचक’ आणि ‘झाम’ हे शब्द मात्र इंग्रजी तांत्रिक ग्रंथांत शिरले. लेखी दप्तराबाहेर राहिलेल्या श्रमिकांचा इतिहास शोधताना असे शब्दच दस्तऐवज मानावे लागतात.