‘सिलोन लागतो का?’ : रेडिओखरेदीचा एक विसरलेला निकष

आज मोबाइल घेताना कॅमेरा, बॅटरी आणि किंमत पाहिली जाते. १९५०च्या दशकात रेडिओ घ्यायला निघालेल्या घरात वेगळाच प्रश्न कळीचा असे : यावर सिलोन लागतो का? या एका प्रश्नामागे एक मंत्री, एक महायुद्ध आणि वातावरणाचा एक थर उभा आहे.

आधी खरेदीचे स्वरूप लक्षात घ्या. रेडिओ पैसे मोजून उचलून आणण्याची वस्तू नव्हती. १९३३च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यानुसार संच केवळ बाळगण्यासाठीही परवाना लागे. तो टपाल कार्यालयातून मिळे आणि त्याचे शुल्क भरून नूतनीकरण करावे लागे. म्हणजे लग्नात कोणी हौसेने रेडिओ आहेर केला, तर भेटीबरोबर सरकारी शुल्काची जबाबदारीही नवदांपत्याच्या घरी जाई!

आता मंत्र्यांकडे. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व प्रसारण मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचा हा मराठी पुरस्कर्ता चित्रपटगीतांना हलके मानी. आकाशवाणीने चित्रपटांची नावे घेणे जाहिरात ठरवून थांबवले, निर्माते बिथरले आणि गाणी आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. केसकरांचा हेतू प्रामाणिक होता, हे मान्य करावे लागेल. श्रोत्यांची नाडी मात्र त्यांना सापडली नाही.

ती सापडली कोलंबोला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त सैन्यासाठी उभारलेले शक्तिशाली प्रक्षेपक रेडिओ सिलोनच्या हाती आले होते. १९५२ मध्येच तेथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानींचा हा कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित होई, फिती कोलंबोला जात आणि तोच आवाज तेथून भारतात परत येई.

तो येई शॉर्टवेव्हवर, आणि खरी मेख येथेच आहे. मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा मुख्यतः जमिनीलगत जातात. त्यांचा पल्ला मर्यादित. शॉर्टवेव्हच्या लहरी उंचावरील आयनांबरावरून परावर्तित होऊन हजारो किलोमीटरवर उतरतात. त्यामुळे केवळ मीडियम वेव्हचा स्वस्त संच घेणाऱ्याला कोलंबोची आशा सोडावी लागे. शॉर्टवेव्हचा संच आणला, तरी आवाज लाटेसारखा चढे-उतरे; म्हणून तांब्याच्या जाळीची पट्टी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणली जाई.

मीडियम वेव्हची बाजू अगदीच लंगडी नव्हती. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, आकाशवाणी पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत, आठवड्याला एक नवे गीत, वर्षभरात एकूण ५६. पुण्याच्या परिसरातील घराला त्यासाठी कोलंबो गाठण्याची गरज नव्हती. एकाच यंत्राकडून थोरांना पुणे आणि तरुणांना सिलोन हवे असेल, तर दोन बँडचा महाग संच घेणे आलेच.

सरकारने अखेर माघार घेतली. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली. गंमत म्हणजे तीही मुंबई आणि मद्रासच्या शॉर्टवेव्ह प्रक्षेपकांवरूनच. सिलोनला उत्तर सिलोनच्याच लहरींवर!

दरम्यान यंत्रच बदलत होते. १९५४ मध्ये अमेरिकेत ‘रिजन्सी टीआर-१’ हा खिशात मावणारा ट्रान्झिस्टर ४९.९५ डॉलरला विक्रीस आला. १९६०च्या दशकात असे संच भारतभर पसरले. त्यांना व्हॉल्व्ह तापण्याची वाट पाहावी लागत नसे. घरात वीजही लागत नसे. जेथे विजेचा खांब पोचला नव्हता, तेथेही आता आहेरात रेडिओ देता येऊ लागला.

१९६७ मध्ये मुंबई, पुणे व नागपूर येथून विविध भारतीची जाहिरातींसह सेवा सुरू झाली. ती मीडियम वेव्हवर होती. सिलोनचे चाहते उरलेच. पण या शहरांत फिल्मी गाण्यांसाठी एका बँडचा साधा ट्रान्झिस्टरही पुरू लागला. परवान्याचे पुस्तक मात्र १९८०च्या दशकापर्यंत कपाटात जपून ठेवावे लागत होते.