धाव आणि बोअर

पनवेलचा इतिहास सांगताना बंदराचा उल्लेख होतो, 1872 मध्ये सुरू झालेल्या धूतपापेश्वरच्या औषधी कारखान्याचा होतो, अलीकडे सिडकोचा आणि विमानतळाचा होतो. चाकाचा मात्र सहसा होत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निघालेल्या इम्पिरियल गॅझेटिअरने या गावाचा मुख्य उद्योग म्हणून गाडीची चाकं घडवण्याचाच उल्लेख केला आहे. देशावरून येणारा गाडीवान परत जाताना इथून चाकांची एक जोडी घेऊन जातो, असंही त्यात नोंदवलं आहे. या नोंदीत मला महत्त्वाचा वाटतो तो ‘जोडी’ हा शब्द. गाडीवान गाडी विकत घेत नाही, चाकं घेतो. म्हणजे साटा, जू, बैल सगळं जुनंच राहतं, झिजलेला भाग तेवढा बदलतो आणि गाडी पुन्हा घाट चढायला तयार होते. आज याच गावाच्या परिसरातल्या गॅरेजांमध्ये लाखभर किलोमीटर धावलेल्या मोटरसायकलचं इंजिन उतरवून पुन्हा बांधलं जातं, तेही त्याच जातीचं काम आहे. त्याला ‘जुगाड’ म्हणणं मला चुकीचं वाटतं. हे मोजमापाचं काम आहे, आणि वाटेवरच्या गावात ते का रुजतं, याचं उत्तर पनवेलच्या जुन्या धंद्यात सापडतं.

बोरघाटातून बैलगाडी जाईल असा रस्ता 1830 मध्ये, गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात खुला झाला. त्याआधी देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून उतरायचा. गाडीरस्ता झाला आणि पनवेल हे घाट आणि खाडी यांच्यामधलं ठाणं बनलं. माल इथे गाडीतून उतरायचा, होडीत चढायचा आणि मुंबईला जायचा. पुढे 1863 मध्ये बोरघाटातून रेल्वे गेली आणि लांब पल्ल्याची मालवाहतूक तिकडे वळली. पनवेलची चाकं केवळ त्या वाहतुकीवर जगत असती, तर रेल्वेबरोबरच धंदा बसला असता. पण रेल्वे येऊन चाळीस वर्षं उलटल्यावरही गॅझेटिअर मुख्य उद्योग म्हणून चाकांचंच नाव घेतं. याचा अर्थ मी असा लावतो की कसब एकदा एका जागी साठलं, की रहदारी घटली तरी गिऱ्हाईक त्याच्याकडे येत राहतं. चाक घडवणं सोपं नाही. तुंबा, आरे, पाटे जुळवायचे, आणि मग लोखंडी धाव विस्तवात लाल करून चाकावर चढवायची. तापलेली धाव फुगलेली असते, म्हणून ती चढते. पाणी ओतलं की चरचरत आकसते आणि साऱ्या सांध्यांना आवळून धरते. किती तापवायची, परीघ किती आखूड ठेवायचा, यावर चाकाचं आयुष्य ठरतं. आखूड फार झाली तर आरे वाकतात, सैल राहिली तर धाव वाटेतच निघून पडते.

मोटारींच्या काळात या गावाचं स्थान बदललं नाही, रस्ते मात्र वाढले. मुंबई-पुणे रस्ता इथूनच घाटाकडे जातो, पळस्पे फाट्यावर गोव्याची वाट फुटते, कळंबोलीत लोखंडाचा बाजार आणि ट्रकतळ आहे. 2002 मध्ये द्रुतगती मार्ग पूर्ण झाला, पण त्यावर दुचाकींना बंदी आहे. त्यामुळे मोटरसायकल आजही जुन्याच रस्त्याने शेडुंग, खालापूर, खोपोली करत घाटाला लागते. हवेवर थंड होणाऱ्या छोट्या इंजिनाला घाटाइतकी कठीण परीक्षा दुसरी नाही. वेग कमी, गिअर खालचा, इंजिनावर भार पूर्ण, आणि थंड करायला वारा अपुरा. त्यात गोव्याच्या रस्त्यावरची धूळ फिल्टरमधून आत शिरली, की ती सिलिंडरला पॉलिश पेपरासारखी घासते.

इंजिन पुन्हा बांधण्याचं दुसरं कारण देशभरचं होतं. एन्फिल्डची जोडणी मद्रासला 1955 मध्ये सुरू झाली, म्हैसूरची जावा 1961 ची, राजदूत 1962 ची. परवान्यांच्या त्या राज्यात किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवत असे, आणि बजाजच्या स्कूटरसाठी लोकांनी वर्षानुवर्षं वाट पाहिली. घरात आलेली गाडी बदलण्याचा विचार कुणी करत नसे, तिचं इंजिन मात्र दोन-तीनदा बांधलं जाई. 1985 मध्ये आरएक्स 100 आणि हिरो होंडाची सीडी 100 या मोटरसायकली आल्या. गाड्या मुबलक झाल्या, तरी इंजिन बांधायची सवय मोडली नाही, कारण या नव्या इंजिनांच्या आराखड्यातही तिला जागा ठेवलेली होती.

हा मुद्दा जवळून पाहायला हवा. पिस्टन वर-खाली होताना सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. वरच्या टोकाला, जिथे रिंग थांबून दिशा बदलते, तिथे झीज जास्त होते. त्याच्या वर न झिजलेली एक बारीक कड राहते, ती नखाला लागते. शिवाय पिस्टनचा दाब ज्या बाजूंवर येतो, त्या बाजूंना सिलिंडर लांबट होत जातो. डोळ्यांना तो गोल दिसतो, बोअर गेजला तो अंडाकृती सापडतो. अशा सिलिंडरमध्ये नुसत्या नव्या रिंगा टाकल्या तर चार महिन्यांत निळा धूर पुन्हा सुरू होतो. म्हणून ब्लॉक बोअरला टाकतात, म्हणजे सिलिंडर आतून कापून थोडा मोठा आणि पुन्हा गोल करतात. सीडी 100 चा बोअर 50 मिलिमीटर आणि स्ट्रोक 49.5, म्हणजे 97.2 सीसी. तिचे पिस्टन 0.25, 0.50, 0.75 आणि 1 मिलिमीटरने मोठे मिळतात. मेकॅनिक ज्याला पहिला साइज, दुसरा साइज म्हणतात ते हेच. शेवटच्या साइजला इंजिन 101 सीसीच्या आसपास पोचतं. म्हणजे एका सिलिंडरला स्टँडर्डनंतर आणखी चार आयुष्यं. ती कंपनीनेच धरून ठेवलेली असतात, मेकॅनिकने शोधून काढलेली नसतात. पिस्टन आणि सिलिंडर यांत मोकळीक ठेवायची ती मिलिमीटरच्या काही शतांशांची, केसाच्या जाडीहून कमी. नंतर होनिंगच्या तिरप्या रेघा पाडायच्या, म्हणजे तेल धरून राहतं. चारही साइज संपले, की जुना लाइनर, म्हणजे सिलिंडरच्या आतलं लोखंडी अस्तर, काढून नवा बसवतात. त्यासाठी ॲल्युमिनियमचा ब्लॉक तापवतात. तो फुगतो, लाइनर आत जातो, ब्लॉक गार झाला की त्याला घट्ट आवळतो. बाहेरचं कडं तापवून आतल्या वस्तूवर आवळायची हीच युक्ती धावेची होती.

यावर कुणी म्हणेल की चाकांचे सुतार-लोहार वेगळे आणि आजचे फिटर वेगळे, मग हे नातं कसलं? नातं वंशाचं आहे, असं मी म्हणतच नाही. ते जागेचं आहे. जिथे वाट घाटाला लागते, तिथे वस्तू झिजून येते आणि मालकाला पुढे जायचं असतं. त्या दोन गरजा जिथे भेटतात, तिथे दुरुस्तीचं कसब टिकतं.

दुसरा आक्षेप असा, की हे सगळं गरिबीतून आलेलं आहे, ऐपत असती तर लोकांनी नवीच गाडी घेतली असती. सुरुवात टंचाईतून झाली, हे खरं. पण कसबाची किंमत त्याच्या उगमावरून ठरत नाही. शिवाय ‘अपग्रेड’ या शब्दाला या धंद्यात खरा अर्थ आहे. जुन्या बुलेटच्या बिग एंडला तरंगता बुश असे, तिथे रोलर बेअरिंग बसवलं की क्रँक जास्त टिकतो. पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन आलं की टायमिंग हलत नाही. बांधताना चूक सुधारायची संधी मिळते, नव्या गाडीत ती मिळत नाही. मात्र नुसता आवाज आणि पिकअप वाढवण्यासाठी केलेल्या बदलांना मी यात धरत नाही. त्यांमुळे इंजिनाचं आयुष्य घटतं, आणि नोंदणीतल्या तपशिलाशी विसंगत बदलांना मोटार वाहन कायद्यानेही मनाई आहे.

तिसरा आक्षेप प्रदूषणाचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. टू-स्ट्रोक इंजिन कितीही नेटकं बांधलं तरी थोडं कच्चं पेट्रोल आणि तेल धुरातून बाहेर टाकणारच. तो त्याच्या रचनेचा दोष आहे आणि तिथे नव्याची बाजू मान्य करायला हवी. पण फोर-स्ट्रोकचा निळा धूर बहुतेक वेळा झिजलेल्या रिंगांचा, बोअरचा किंवा व्हॉल्व्हच्या सीलचा असतो. तो बांधणीनेच थांबतो. नियम मात्र हा फरक करत नाहीत. पंधरा वर्षांवरच्या दुचाकीची नोंदणी पुन्हा करण्याचं शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 300 वरून 1,000 रुपये झालं. हे शुल्क गाडीचं वय पाहतं, इंजिनाची अवस्था पाहत नाही. पनवेलच्या एमएच-46 पाटीची नीट बांधलेली गाडी आणि धूर ओकणारी गाडी त्याच्या लेखी सारखीच.

आजचा खरा धोका वेगळाच आहे. अनेक नव्या इंजिनांत लोखंडी लाइनर नसतो. ॲल्युमिनियमवर निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा अतिपातळ थर चढवलेला असतो. तो कमी झिजतो आणि उष्णता लवकर सोडतो, त्यामुळे इंजिनासाठी तो सरसच. पण त्याला बोअर मारता येत नाही. थर गेला की सहसा ब्लॉक-पिस्टनचं आख्खं किट घ्यायचं, आणि बोअरिंग मशीनवरच्या कारागिराला त्यात काम उरत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली, तेव्हा शेतीची अवजारं, मोबाइल आणि घरगुती उपकरणांबरोबर वाहनांचाही त्यात समावेश केला. त्या चर्चेत सुट्या भागांची मागणी पुष्कळ होते. पण प्रत्येक इंजिनाच्या झिजेच्या मर्यादा, म्हणजे बोअर किती मिलिमीटरपर्यंत चालेल आणि रिंगची गॅप किती झाली की बदलायची, हे आकडे मराठीत छापून मिळावेत आणि जिथे लाइनर घालणं शक्य आहे तिथे मोठ्या साइजचे पिस्टन किमान वीस वर्षं बाजारात राहावेत, अशी मागणीही पनवेलसारख्या गावांनी करायला हवी.