नव्या सेनाधिकाऱ्यास आहेर



आमच्या आळींतील एका गृहस्थांची कन्या चेन्नईच्या सैनिकी प्रबोधिनींतील शिक्षण पुरें करून नुकतीच भूसेनेंत अधिकारी झाली. ते गृहस्थ एके दिवशीं सकाळीं माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, तुम्हीं जन्मभर इतिहास शिकविला. लग्नांत काय द्यावें हें आमच्या घरच्या बायका सांगतात; मुंजींत काय द्यावें हेंही ठरलेलें आहे. पण मुलगी लेफ्टनंट झाली तर तिला काय द्यावें, हें कोणीच सांगत नाहीं. आमच्या घराण्यांत असा प्रसंगच पूर्वीं आला नाहीं." त्यांच्या घराण्यांत आला नसेल, पण महाराष्ट्राच्या इतिहासांत तो अनेकदां आलेला आहे. त्या वेळीं राजानें काय दिलें आणि घरानें काय दिलें, हें पाहिलें म्हणजे आजच्या प्रश्नाचेंही उत्तर सांपडेल, असें मला वाटतें.

शिवकालीन घोडदळांत दोन प्रकारचे स्वार असत. ज्याचा घोडा सरकारी पागेंतला, तो बारगीर. आणि जो स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येई, तो शिलेदार. शिलेदाराच्या घरीं आहेराचा प्रश्न उद्भवतच नसे. घोडा आणि तलवार हाच त्याचा आहेर. तो घरानें दिला तरच त्याला चाकरी. घोडा गमावला कीं त्याच्या निर्वाहाचें साधनच जाई. महाराजांनीं पागेचें बळ वाढविलें आणि शिलेदारांनाही पागेच्या हुकमतींत ठेवलें. अर्थात् हत्यार आणि वाहन पुरविण्याचा भार हळूहळू घरावरून राज्यावर आला. हा पालट ध्यानांत ठेवावा. कारण आजचा अधिकारी या अर्थानें बारगीर आहे. त्याला लागणारें शस्त्र राज्य देतें. तें पुन्हां घरानें देण्याचें प्रयोजन नाहीं.

कृष्णाजी अनंत सभासदानें १६९७ सालीं जिंजी येथें राजारामाच्या आज्ञेनें जी बखर लिहिली, तींत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पांच हवालदारांवर एक जुमलेदार. दहा जुमल्यांवर एक हजारी. आणि पांच हजारींवर एक पंचहजारी. जुमलेदारास सालिना पांचशें होन आणि पालखी. हजारीस एक हजार होन. पंचहजारीस दोन हजार. दर पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पद मिळालें कीं त्याबरोबर वेतन, मान आणि पाण्याची नि नालांची व्यवस्था हीं सारीं ठरलेलीं असत.

याशिवाय राजाजवळ देण्यासारखी आणखी एक वस्तु होती. ती म्हणजे नांव. कडतोजी गुजरास सरनोबती देतांना महाराजांनीं त्याचें जुनें नांव दूर करून 'प्रतापराव' हें नांव दिलें. १६७४ मध्यें नेसरीजवळ प्रतापराव पडल्यावर हंसाजी मोहिते या पागेंतल्या जुमलेदारास 'हंबीरराव' हा किताब देऊन सरनोबती सांगितली. या नांवांस किंमत होती ती सोन्याची नव्हे. ज्याला नांव मिळालें त्याला तें पुढें जन्मभर खरें करून दाखवावें लागे. पेशव्यांच्या बाबतींतही हेंच दिसतें. १७२० च्या एप्रिलांत शाहूमहाराजांनीं पहिल्या बाजीरावास पेशवेपदाचीं वस्त्रें आणि शिक्केकट्यार दिली, तेव्हां त्याला वीस वर्षेंही पुरीं झालीं नव्हतीं. वस्त्रें अंगावर चढलीं कीं माणूस जबाबदार झाला, हा त्या देण्याचा अर्थ.

आणि देण्याला अर्थ असतो, म्हणूनच न देण्यालाही असतो. १६६६ च्या मे महिन्यांत आग्र्याच्या दरबारांत इतर सरदारांना खिलत मिळाली. शिवाजी महाराजांना मिळाली नाहीं, आणि त्यांना मागच्या रांगेंत उभें केलें गेलें. तेथील राजस्थानी पत्रांवरून दिसतें कीं, मागाहून खिलत देऊं केली असतां त्यांनीं ती नाकारली. कापड भारी होतें. पण त्यामागचा भाव हलका होता. भेट निवडणाऱ्यानें हा प्रसंग विसरूं नये.

परंतु माझ्या मतें सर्वांत विचार करण्यासारखा प्रसंग १६५९ चा आहे. अफजलखानाचें पारिपत्य झाल्यावर महाराजांनीं आपल्या माणसांना काय दिलें, हें सभासद तपशिलानें सांगतो. पराक्रमी सरदारांना हत्ती, घोडे, कडीं, तुरे, पदकें दिलीं. जखमी झालेल्यांना जखमेच्या मानानें पंचवीस होनांपासून दोनशें होनांपर्यंत दिले. आणि जे कामास आले, त्यांच्या मुलांना चालविलें. ज्यांना मुलगा नव्हता, त्यांच्या बायकांना निमें वेतन करून दिलें. कडें हातांत घातलेला वीर लोकांना दिसतो. निमें वेतन मिळणारी विधवा कोणास दिसत नाहीं. परंतु पुढच्या मोहिमेस निघणाऱ्या माणसाच्या मनाला धीर कशानें आला असेल? कड्यानें कीं त्या निम्म्या वेतनानें? मी तर म्हणेन, मागें राहिलेल्या घराची हमी हीच योद्ध्याला मिळणारी सर्वांत मोठी देणगी होय.

आतां आपल्या काळाकडे येऊं. देहरादूनची सैनिकी प्रबोधिनी १९३२ मध्यें उघडली. तत्पूर्वीं, १९१८ पासून, सँडहर्स्ट येथें हिंदी तरुणांसाठीं वर्षाला अवघ्या दहा जागा होत्या. सैनिकी शिक्षणासाठीं चेन्नईच्या प्रबोधिनीचीं दारें स्त्रियांना १९९२ मध्यें उघडलीं, आणि खडकवासल्याच्या प्रबोधिनींतून सतरा मुलींची पहिली तुकडी २०२५ च्या मे महिन्यांत बाहेर पडली. दीक्षान्त संचलन झाल्यावर नव्या अधिकाऱ्याच्या खांद्यावरील तारे आईबापांच्या हातांनीं उघडे करण्याची प्रथा आहे. २०२० च्या जूनमध्यें साथीमुळें देहरादूनला आईबापांना जातां आलें नाहीं. तेथील शिक्षकांनींच हें काम केलें. घरोघरीं आयांनीं तो सोहळा पडद्यावर पाहिला. तारे तेच होते. हात मात्र दुसरे होते. त्या दिवशीं पुष्कळांना कळलें असेल कीं, खरी भेट ताऱ्यांची नसून त्या हातांची असते.

खडकवासल्याच्या प्रबोधिनीच्या मुख्य इमारतीस सुदानचें नांव आहे, तेंही एका देणगीमुळेंच. दुसऱ्या महायुद्धांत सुदानच्या रक्षणार्थ हिंदी सैनिक पडले. त्यांच्या स्मरणार्थ सुदान सरकारनें १९४१ मध्यें एक लाख पौंड दिले. फाळणीनंतर त्यांतले सत्तर हजार भारताच्या वांट्यास आले, आणि ते या प्रबोधिनीच्या कामीं लागले. गेलेल्यांचें ऋण येणाऱ्यांना घडविण्यांत फेडावें, यापरता देणगीचा विनियोग कोणता?

मींही एकदां चूक केली आहे. ती सांगितल्यावांचून उपदेश करणें बरें नव्हे. सुमारें तीस वर्षांपूर्वीं माझा एक विद्यार्थी अधिकारी झाला. मीं मोठ्या हौसेनें मखमलीच्या फळीवर बसविलेली पितळी तलवार त्याला दिली. तो सरहद्दीवर गेला. तलवार अर्थातच घरीं राहिली. वर्षभरानें त्याच्या घरीं गेलों तेव्हां ती भिंतीवर टांगलेली होती, आणि खालीं त्याची आई हातांत न फोडलेलें पत्र घेऊन बसली होती. ती म्हणाली, "गुरुजी, तलवार त्याला सरकार देईल हो. मला मोतीबिंदूनें दिसत नाहीं. एवढें पत्र वाचून दाखवतां का?" तिनें हें मुलाला कळविलें नव्हतें. त्या दिवसापासून दर रविवारीं मी पत्रें वाचावयास जाऊं लागलों, आणि पुढें आळींतल्या दोघांच्या साह्यानें तिचें शस्त्रकर्मही करविलें. त्या मुलाच्या पत्रांत माझ्या तलवारीचा उल्लेख कधींच आला नाहीं. आईच्या डोळ्यांचा मात्र प्रत्येक पत्रांत येई.

म्हणून त्या गृहस्थांस मीं सांगितलें तें असें : वस्तु द्यायचीच तर ती लहान असावी, बदलीच्या ट्रंकेंत मावावी, थंडींत नि धुळींत टिकावी. चांगलें घड्याळ, नांव कोरलेलें पेन, आजोबांच्या हातची एखादी वही, एवढें पुरें. पण त्या वस्तूबरोबर एक वचन द्या आणि तें नेमकें द्या. "काळजी करूं नकोस" हें सगळेच म्हणतात. कोणती काळजी कोण घेणार, हें तिला सांगा.

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तिच्या आजीला दर गुरुवारीं दवाखान्यांत तीच नेत असे." मीं म्हटलें, "मग आहेर ठरला कीं!"

पुढच्या गुरुवारीं सकाळीं रिक्षा त्यांच्या दाराशीं उभी होती.